तीन सुरांची जुडी

मेथीच्या जुडीवर रक्त दिसलं तेव्हा मला वाटलं, बहिणीचा हात कापला असेल. आम्ही दोघं मळ्यात वाफ्याच्या कडेला बसून बाजाराची भाजी बांधत होतो. मी विळा पायाखाली दाबून त्यावर मुळं छाटून देत होतो आणि ती जुड्या बांधून टोपल्यात रचत होती.

"लागलं काय तुले?" मी विचारलं.

"मले कायले लागते? तुहा हात पाह्य, दादा."

मी हात उलटा करून पाहिला. उजव्या हाताची करंगळी मुळापाशी चांगली खोल कापली होती. रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि तिथून मेथीवर ठिबकत होतं. मला काहीच झालं नव्हतं. म्हणजे दुखत नव्हतं.

"दुखत नाही?" बहीण म्हणाली.

"नाही."

ती आधी हसली. तिला वाटलं, मी मर्दानगी दाखवतो आहे. मग तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिने ओढणीचा काठ फाडून बोट बांधलं. रक्त लागलेली जुडी तिने बांधावरून पलीकडे फेकून दिली आणि मायला यातलं काही सांगितलं नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आमचा सगळा भाग अकोल्यात मोडायचा. आमचा मळा जऊळक्याच्या स्टेशनापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडा मुळा. बाप बाजारात बसायचा, माय आणि बहीण तोडणी करायच्या आणि मी पाणी द्यायचो. संध्याकाळी गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो. मी काही मोठा वादक नव्हतो. कुणी शिकवलं नव्हतं. गाणाऱ्याच्या मागोमाग बोटं पळवायची, एवढंच यायचं, आणि गावाला तेवढं पुरत होतं.

बोट कापण्याच्या बरंच आधीपासून पेटीवर माझी करंगळी चुकत होती. एका पट्टीवर ठेवायला जावं, तर दोन दाबल्या जायच्या. मला वाटलं, पेटीतच बिघाड आहे. मी ती खोलून साफ केली, पट्ट्या सारख्या केल्या. तरी चुकतच राहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं होतं, ते मी रोज पाहत होतो आणि तरीही पाहत नव्हतो.

सायकलवर सरकारी तंत्रज्ञ यायचा. गावोगाव फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे पाहायचा. शाळेच्या ओट्यावर त्याने मला बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले.

"टाचणी लागली की बोलायचं," तो म्हणाला.

मी डोळे मिटून बसलो. वाट पाहिली. शेवटी मीच म्हणालो, "टोचा ना, साहेब."

"टोचून झालं," तो म्हणाला.

त्याने तिथेच बापाला सांगितलं. महारोग हा शब्द त्याने फार हळू आवाजात उच्चारला. लवकर लक्षात आलं आहे, पांढऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या, रोग पुढे जाणार नाही, घरच्यांना भ्यायचं कारण नाही, असं सगळं त्याने सांगितलं. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"यानं भाजीले हात लावला त चालते काय?"

"चालतं. काही होत नाही."

बापाने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी भाजीला हात लावायचा नाही, असं ठरलं. बाप वाईट माणूस नव्हता. बाजारात कुणी माझा हात पाहिला असता तर आमची भाजी टोपल्यातच सुकली असती, हे त्याला माहीत होतं, आणि मलाही. मायने माझं ताट वेगळं केलं. ताट वेगळं केल्यावर ती त्यात आधीपेक्षा जास्त वाढू लागली. मी जेवायचो. चव लागायची, पण ती दुसऱ्या कुणाला तरी लागते आहे असं वाटायचं.

भजनी मंडळात मला कुणी नाही म्हटलं नाही. मी गेलो तेव्हा पेटीपुढे दुसराच एकजण बसला होता. टाळकऱ्यांपैकी एक म्हातारा मला म्हणाला, "बोटं बरी होऊ दे गड्या, मंग ये." मी थोडा वेळ दाराशी उभा राहिलो आणि घरी आलो. मला रडू येईल, असं मला वाटत होतं. ते आलं नाही.

करंगळीची जखम भरेना. दुखत नसल्यामुळे मी ती जपतही नव्हतो. ती चिघळली, वास येऊ लागला, तेव्हा तंत्रज्ञाने एका मिशनच्या दवाखान्यात जायला सांगितलं. जऊळक्याहून अकोल्यापर्यंत गाडी आणि पुढे एसटी. बाप पोचवायला आला. परत निघताना तो म्हणाला, "भिऊ नको." मी भीत नव्हतो. मी काहीच करत नव्हतो.

दवाखान्यात आम्ही फार लोक होतो. सकाळी हात पाण्यात भिजत ठेवायचे, तेल लावायचं आणि वळलेली बोटं मांडीवर दाबून सरळ करायची. हे झालं की दिवस मोकळाच. अंगणाच्या टोकाला एक प्रार्थनेची खोली होती आणि तिथे पायाने भाता मारायची मोठी पेटी होती. नगरकडच्या एक नर्सबाई ती वाजवायच्या. त्या जखमा धुवायच्या, दुपारी थोडा वेळ पेटीवर बसायच्या आणि पुन्हा जखमांकडे यायच्या.

मी बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायचो. त्यांचं वाजवणं मला कळत नव्हतं. त्या गाण्याच्या मागे धावत नव्हत्या. तीन पट्ट्या एकदम दाबून ठेवायच्या आणि तसंच थांबायच्या. गाणं पुढे जायचं आणि तो सूर खाली उभा राहायचा. मग हात थोडासा हलायचा आणि दुसरे तीन सूर उभे राहायचे. आमच्याकडे दोन पट्ट्या दाबल्या गेल्या तर ती चूक धरतात. इथे बाई मुद्दाम तीन दाबत होत्या आणि ते कानाला लागत नव्हतं.

एके दिवशी मी विचारलं, "बाई, हे तुमी कुठून शिकल्या?"

"मला कुठे वाजवता येतं?" त्या हसून म्हणाल्या. "आमच्या गुरुजींना यायचं. मला ह्या तीन कॉर्ड येतात. सगळ्या गाण्यांना ह्याच तीन लावते. कुणी तक्रार केली नाही अजून."

"मले दाखवता?"

त्यांनी माझा हात पाहिला. रोज त्याच तो धूत होत्या, तरी त्यांनी आता वेगळ्या नजरेने पाहिला. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट त्यांनी चिमटीत धरून हलवून पाहिलं. ती तीन चालत होती. त्यांचा स्पर्श मला जाड गोधडीतून आल्यासारखा कळत होता, पण कळत होता.

"तीन बोटं आहेत की," त्या म्हणाल्या. "तीनच लागतात."

सा, ग आणि प. त्यांनी माझी बोटं एकेका पट्टीवर नेऊन ठेवली. मी दाबलं. त्यांनी पायाने भाता मारला. खोलीत सूर भरला. नर्सबाई माझ्याकडे पाहत होत्या, मला काय वाटतं ते पाहण्यासाठी. मी त्यांना सांगू शकलो नाही की मला बोटाखाली पट्टी आहे की नाही तेच नीट समजत नाही. मी ती डोळ्यांनी पाहत होतो. सूर आला म्हणजे पट्टी दाबली गेली असणार.

दुसरी जुडी म, ध आणि वरचा सा. तिसरी प, नी, रे. त्या कॉर्ड म्हणायच्या. मी मनात जुडी म्हणायचो, मला तोच शब्द ओळखीचा होता. एकीवरून दुसरीवर जाताना माझा हात आख्खा उचलला जायचा आणि खाली उतरताना भलत्याच पट्ट्यांवर पडायचा. न कळणाऱ्या बोटांना अंतर समजत नाही. बाईंना यावर काही सुचत नव्हतं. त्यांचा हात चांगला होता, त्यांना ही अडचण कधी आलीच नव्हती.

उपाय मलाच सापडला, आणि तोही वैतागून. पहिल्या जुडीत सा आहे, दुसरीतही सा आहे, फक्त वरचा. मग अंगठा कायले उचलायचा? तो खालच्याच सा वर राहू दिला. बाकीची दोन बोटं वर सरकवली, ग वरून म वर, प वरून ध वर. जुडी बदलली. तिसरीसाठी उलटं केलं. प वरचं मधलं बोट तसंच ठेवलं आणि अंगठा न् शेजारचं बोट एकेक पट्टी खाली आणलं. दर वेळी एक बोट जागेवर राहायचं आणि बाकीच्यांना वाट दाखवायचं. मी पुन्हा पुन्हा तेवढंच केलं. नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मला येत नाही बरं का." मग त्या जखमा धुवायला निघून गेल्या.

जखम भरली, मी घरी आलो. बोटं होती तशीच वळलेली राहिली. पेटी मंडळाची होती, त्यामुळे घरी काही नव्हतं. मी मळ्यात पाणी द्यायचो आणि बांधावर बसून मांडीवर जुड्या दाबायचो. बाप ते पाहायचा आणि तोंड फिरवायचा. त्याला वाटत असावं, दवाखान्याने सांगितलेला व्यायाम आहे.

गावाच्या पलीकडे बौद्ध वस्ती होती. तिथली गायन पार्टी आजूबाजूच्या गावांत प्रसिद्ध होती. पार्टीचे मुख्य गायक रेल्वेत गँगमन होते, रुळावर काम करायचे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्यांचा पेटीवाला नोकरी लागून परगावी गेला होता. एका दुपारी ते ड्यूटीवरून येताना आमच्या मळ्यात आले आणि सरळ मला म्हणाले, "पेटी वाजवतं काय आमच्यात?"

"मले पहिल्यासारखी येत नाही," मी म्हणालो. "बोटं गेली."

"किती गेली?"

"दोन."

"बाकीचे आहेत ना?"

मी म्हणालो, "दादा, तुमाले माहीत आहे ना मले काय झालं ते?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "शिवू नको, दूर बस, हे आमी लहानपणापासून ऐकून राह्यलो. तेच तोंडानं तुले कसं म्हणू?" मग ते म्हणाले, "आमची बायको भेते, खोटं कायले बोलू. पेटी ती पुसून घेईन. तू मनावर घेऊ नको."

मी मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत माझ्या मनावर काही चढतच नव्हतं.

विहारात दुपारी सराव असायचा. पहिल्याच दिवशी भांडण झालं. दादा काळी दोनला, म्हणजे वरच्या पट्टीत सा धरून गायचे. माझ्या जुड्या फक्त पांढरी एकमध्ये जमायच्या, कारण तिथे सगळ्या पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि काळ्या पट्टीवर माझी बोटं घसरायची.

"म्हणजे मी आवाज खाली आणू?" दादा म्हणाले. "तुह्या पेटीसाठी?"

"मले दुसरं येतच नाही."

"आन् तू गाणं काहून वाजवत नाही? मी गाऊन राह्यलो आन् ही पेटी नुसती उभी. बैल बसल्यावाणी."

ढोलकीवाला हसला. दादांनी चिडूनच आवाज खाली आणला आणि एक कडवं गायलं. मी सा-ग-प धरून ठेवलं, ओळ वर गेली तशी दुसरी जुडी, खाली वळली तशी तिसरी, आणि पहिलीवर परत. कडवं संपलं. दादांनी तेच कडवं पुन्हा गायलं, या वेळी हळू. मग ढोलकीवाल्याला म्हणाले, "याच्यात जागा लय आहे. गायाले मोकळं वाटते."

एवढंच. त्या दिवसापासून मी पार्टीत होतो.

चौथी जुडी चुकून आली. सा-ग-प वरून मधलं बोट प सोडून ध वर पडलं. एकच बोट, एकच पट्टी वर. बाकी सगळं तेच. पण त्या सुराचा रंगच उतरला, ऊन असताना एकदम आभाळ यावं तसं. दादा गाता गाता थांबले.

"हे काय केलं?"

"चुकलं."

"पुन्हा चुक," ते म्हणाले.

मी पुन्हा तेच दाबलं. दादांनी डोळे मिटले. सराव ऐकायला बसलेल्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्या बोटांकडे. तिथे काय झालं होतं ते मला ऐकू येत होतं. पण ते त्यांच्या आत जसं गेलं, तसं माझ्या आत जात नव्हतं. लग्नात मुलगी सासरी निघते त्या वेळच्या गाण्यात ही जुडी लावायची, असं दादांनी ठरवलं.

त्याच वर्षी बहिणीचं लग्न जमलं. पाहुणे मंगरूळपीरकडचे होते. त्यांना माझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. बाप माझ्याशी हे बोलला नाही. माय बोलली. मी मोटेवर होतो, तिथे ती आली.

"लग्नाच्या दिवशी तुहा कुठी कार्यक्रम नाही काय?" तिने विचारलं.

मला समजलं. मी म्हणालो, "आहे, माय. इंझोरीले आहे."

तेव्हा तसा काही कार्यक्रम ठरला नव्हता. मी दादांना जाऊन सांगितलं. ते काही विचारायला गेले नाहीत. त्या तिथीला लग्नं पुष्कळ होती. त्यांनी इंझोरीतल्या ओळखीच्या घरी निरोप धाडला आणि कार्यक्रम ठरवून आणला.

निघायच्या आदल्या दिवशी बहीण मळ्यात आली. तिच्या हाताला हळद लागली होती. ती म्हणाली, "तू नसशीन त मी उभी नाही राहात मांडवात."

"राह्यशीन," मी म्हणालो. "पाहुणे आले आहेत."

"तुले काही वाटत नाही काय रे, दादा?"

मी विचार केला. तिला खरं उत्तर द्यावं म्हणून नीट विचार केला. "नाही वाटत," मी म्हणालो. "टाचणी टोचते ना साहेब, तसं आहे. टोचलं हे समजते, पण दुसऱ्यानं सांगतलं म्हणजे."

तिने माझा वळलेला हात आपल्या हळदीच्या हातात घेतला, तसाच काही वेळ धरला आणि निघून गेली. हळद माझ्या बोटांवर राहिली.

इंझोरीत दुपारी लग्न लागलं. जेवणं झाली, आणि नवरी निघायच्या वेळी दादांनी ते गाणं सुरू केलं. मी पेटीवर होतो. नवरी कुणाची तरी बहीण होती, तिचा भाऊ बैलगाडीचं जू धरून उभा होता आणि रडत होता. बायका रडत होत्या. मी सा-ग-ध धरलं, अंगठा जागेवर ठेवून म-ध-सा वर गेलो, परत आलो. ऊन मांडवाच्या कापडातून पट्ट्यांवर पडत होतं. बोटं नीट पडत आहेत की नाही, तेच मी पाहत होतो. या क्षणी आमच्या दारातूनही गाडी निघत असेल, हा विचार मला आला. त्याच्यामागून दुसरं काही आलं नाही. गाणं संपेपर्यंत माझी एकही जुडी चुकली नाही.

येताना एसटीतून उतरल्यावर दादा माझ्यासोबत चालत होते. वाटेत त्यांनी पेटी माझ्या खांद्यावरून घेतली आणि स्वतः उचलली.

पुढे सगळं हळूहळू बदललं. गावातल्या लोकांनी मला पार्टीत पाहिलं, मग ऐकलं, मग सवय झाली. भजनी मंडळातला तो म्हातारा एकदा विहाराच्या भिंतीला टेकून ऐकत होता. बापसुद्धा एका दुपारी आला. चपला हातात धरून मागे उभा राहिला. घरी आल्यावर मायला म्हणाला, "गाणं त हा वाजवतच नाही. पण याच्याबिगर गाणं पडून जाईन, असं वाटते बा." बापाच्या तोंडून माझ्याबद्दल इतकं लांब वाक्य मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

तंत्रज्ञाने एका फेरीत सगळं अंग तपासलं आणि गोळ्या बंद केल्या. रोग थांबला होता. हात जसा झाला तसा राहणार होता. "काही वाटतं?" त्याने टाचणी टोचून विचारलं. आता डोळे उघडे ठेवले होते. "दिसते," मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो.

बहीण आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली. पोटुशी होती, पाय सुजले होते. सासरच्यांना तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. त्यांच्या गावातही एक तंत्रज्ञ फिरत आला, सगळ्यांचे चट्टे पाहू लागला, तेव्हा ही सासूसमोर उभी राहून म्हणाली, माझ्या भावाला आहे, मलाही तपासा.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. सासू आठ दिवस बोलली नाही. मंग म्हणे, मी भाजी चिरते, तू पोळ्या कर. कामापुढे किती दिवस रुसन?" ती म्हणाली. "मले काही निघालं नाही. तुह्यासारखी टाचणी टोचली, मी त बोंबललीच."

तिला सराव ऐकायचा होता. मी तिला विहारात घेऊन गेलो. दादांच्या बायकोने तिच्यासाठी भिंतीशी चटई टाकली आणि पाठीमागे उशी ठेवली. आम्ही सुरू केलं. मी पहिली जुडी धरली, दुसरी, तिसरी. बहीण थोडा वेळ ऐकत होती. मग तिची मान एका बाजूला कलली आणि तिला झोप लागली, तोंड उघडं, हात पोटावर. दुपार फार गरम होती आणि ती पहाटेपासून प्रवासात होती.

दादांनी कडवं संपवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरगी झोपली. थांबू काय?"

मी भाता चालूच ठेवला होता. मी तिच्याकडे पाहिलं. मला काय वाटत होतं ते सांगता आलं नसतं. पण हात उचलावासा वाटला नाही, एवढं समजत होतं.

"राहू द्या, दादा," मी म्हणालो. "अजून एक कडवं घ्या. हळू घ्या."